चुकायचा हक्क



आपल्यातलं एखादं पोर पहिल्यांदा कविता लिहितं आणि भीत भीत कुणा शिकलेल्या माणसाच्या हातात देतं. तो कविता वाचत नाही, ऱ्हस्व-दीर्घ वाचतो. लाल शाईनं कागद रंगवून परत करतो. वर म्हणतो, 'आधी भाषा सुधारा.' पोर घरी येतं आणि गप्प होतं. अशा किती कविता लाल शाईत बुडाल्या, त्याचा हिशेब कुणी ठेवलाय?

म्हणून चूक म्हणजे काय, हे एकदा नीट बोललं पाहिजे. 1962 साली मराठी साहित्य महामंडळानं शुद्धलेखनाचे नियम ठरवले, शासनानं ते मान्य केले. त्याआधी 'नांव', 'कांहीं' असं टिंब देऊन लिहिणं शुद्ध होतं. नंतर तेच टिंब चूक झालं. बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' सुरू केला. त्याचा अंक नाव झाकून आजच्या एखाद्या मास्तरापुढं टाका. टिंबं बघून लाल शाई संपंल त्याची. नियमच नकोत असं मी म्हणत नाही. एकमेकांचं वाचायला ते लागतात. पण माणसांनी बसून ठरवलेल्या गोष्टीला पाप-पुण्य कशाला चिकटवता?

आमच्या देवगडात माणूस 'मला' म्हणत नाही, 'माका' म्हणतो. वहीत ते खोडलं जातं. तेच 'माका' गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'मधून मच्छिंद्र कांबळींनी 1980 पासून रंगभूमीवर उभं केलं. हजारो प्रयोग झाले, शहर पोट धरून हसलं. बरं झालं. पण हसवायला 'माका' चालतं, तर भांडायला आणि हक्क मागायला का चालू नये? 1972 ला नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. त्याची प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांसारख्या मोठ्या लेखकाला कितीतरी शब्दांचे अर्थ नामदेवकडून समजून घ्यावे लागले. न कळणाऱ्यानं विचारलं, अशुद्ध म्हणून खोडलं नाही. असली चूक ही चूकच नव्हे. तिला कवटाळा-बिवटाळायची गरज नाही, ती आपली बोली आहे.

पण दुसरी बाजू आपल्यालाच झोंबणारी हाय. आपल्यातले काही दोस्त म्हणतात, जसं आलं तसं ठेवा, हात लावाल तर विद्रोह मरतो. खोटं आहे हे. ढिली ओळ ढिलीच असते, मग ती गावकुसाच्या आतून येवो की बाहेरून. शिवी नेमकी बसली नाही तर तीही वायाच जाते.

चुकीचं करायचं काय, हे आमच्याकडचे दशावतारी जाणतात. त्यांच्यापाशी लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेलं, संवाद मात्र रात्री तिथल्या तिथं रचायचे. राजा भलतंच बोलून गेला की समोरचा राक्षस ते उचलतो, त्याला उत्तर देतो, आणि घसरलेल्या शब्दातून नवा प्रसंग उभा राहतो. पेटीवाला, मृदंगवाला सांभाळून घेतात. चुकलेल्याला कुणी रंगमंचावरून खाली उतरवत नाही. (हे सगळं देवळाच्या आवारात चालायचं, आणि आपले वाडवडील ते कुठून बघायचे हे वेगळं सांगायला नको. नटाची चूक सांभाळणाऱ्या त्याच गावात रिवाजात चुकलेल्या महाराला माफी नव्हती.)

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. देवगडची माणसं पूर्वी परळ-लालबागच्या गिरण्यांत जायची. 1982 च्या संपानंतर ती वाट मोडली. मी घाट चढून इचलकरंजीला मागावर आलो. आडवं सूत तुटलं आणि माग तसाच चालला, तर कापडात फट पडते. मग माग थांबवायचा, खराब वीण उसवायची, बिघडलं तिथपर्यंत मागं जायचं आणि तिथून पुन्हा विणायचं. कविता दुरुस्त करणं मी यातनंच शिकलो. पण जिथं डागी कापडाचे पैसे मजुरीतून कापतात, तिथं कामगार उसवत बसत नाही. डाग घडीच्या आत घालतो. शिक्षेनं चूक कमी होत नाही गड्यांनो, आत जाऊन बसते.

आपल्या लिहिण्यात नेमकं हेच झालंय. चुकायची भीती इतकी, की पोरं दरसाल 14 एप्रिलला तेच भाषण पाठ म्हणतात. घोषणेत चूक होत नाही, कारण तिथं नवं काही करून बघायचंच नसतं.

बाबासाहेबांचं बघा. 1936 मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांच्या भाषणातले काही भाग गाळायला सांगितले. वेदांवरचा, हिंदू धर्मावरचा हल्ला त्यांना झेपत नव्हता. बाबासाहेबांनी कळवलं, स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. सभा रद्द झाली, त्यांनी भाषण स्वतः छापलं. आणि हाच माणूस बुद्धावरच्या ग्रंथाचा मसुदा 1951 मध्ये मोजक्या प्रती छापून जाणत्यांकडं पाठवतो, मतं मागवतो. पुढं तो बदलला, वाढला, नाव बदललं, आणि त्यांच्या पश्चात 1957 ला 'बुद्ध अँड हिज धम्म' म्हणून बाहेर आला. एकीकडं स्वल्पविराम हलत नाही, दुसरीकडं अख्खा ग्रंथ उघडा. यात विसंगती दिसते त्याला मी एवढंच म्हणीन : लाहोरवाले चूक दाखवत नव्हते, तोंड दाबत होते. मसुदा ज्यांच्याकडं गेला त्यांच्याकडून ग्रंथ चांगला व्हायची अपेक्षा होती. सांगणाऱ्याचा हेतू बघून बाबासाहेब पेन उचलत किंवा खाली ठेवत.

आणि ज्याच्यावर ग्रंथ लिहिला तो गौतम? सहा वर्षं देह वाळवला, कळलं की वाट चुकली, आणि सुजातेनं दिलेलं अन्न खाल्लं. बरोबरचे पाचजण त्याला भ्रष्ट समजून सोडून गेले. पुढं पहिला धम्म त्यांनाच सांगितला.

आपल्या बैठकीतही असले पाचजण असतात. नव्या पोरीनं बाई म्हणून काही वेगळं लिहिलं की 'चळवळीला बाधक' असा शिक्का तयार. तो शिक्का लाल शाईचाच भाऊ आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. जयंतीच्या आधी एक संध्याकाळ समाजमंदिरात अर्धवट लिहिलेलंच वाचायचं. पुरं झालेलं आणायचं नाही. माझी एक कविता मालवणीत आहे, तिसऱ्या कडव्यात अडलीय. येताना पेन्सिल आणा, लाल पेन नको.