नाव परत आलं, कर्ज कुठे गेलं?

८ ऑक्टोबर २०२१ ला माझ्या फोनवर दिवसभर एकच फोटो फिरत होता. एअर इंडियाचं जुनं विमान आणि जेआरडी टाटा. रतन टाटांनी तो टाकला होता आणि लिहिलं होतं, 'वेलकम बॅक, एअर इंडिया'. आमच्या मोहन्यातही बऱ्याच जणांच्या स्टेटसला तोच होता. त्यातले किती जण एअर इंडियात बसले असतील कोण जाणे. मी तरी तोवर कुठल्याच विमानात बसलो नव्हतो, पण स्टेटस ठेवलं होतं.

शेजारच्या काकांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि विचारलं, "छान. आणि कर्ज कुणाकडे गेलं?"

काकांची नोकरी अकाउंट्समध्ये गेली. तुम्हाला कशाचा आनंदच होत नाही, असं मी त्यांना म्हणालो खरा. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

गोष्ट तशी भारावून टाकणारीच आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एका छोट्या पुस मॉथ विमानातून जुहूला उतरले. जुहूचं मैदान तेव्हा पावसाळ्यात पाण्याखाली जायचं, मग विमानं पुण्याहून उडायची. १९४६ ला टाटा एअरलाइन्सचं 'एअर इंडिया' झालं, त्याच सुमारास बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी तो पगडीवाला, मिशीवाला महाराजा काढला. १९४८ ला मुंबई-लंडन सुरू झालं. १९५३ ला सरकारने कंपनी ताब्यात घेतली, तरी जेआरडी १९७८ पर्यंत अध्यक्ष होते. मग त्यांना दूर करण्यात आलं. १९८२ ला, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांनी कराची-मुंबई उड्डाण पुन्हा एकट्याने केलं. पुस मॉथ काही मिळालं नाही, म्हणून लेपर्ड मॉथ. म्हणजे या कंपनीचा नॉस्टॅल्जिया काही आपण शोधून काढलेला नाही. तो संस्थापकापासूनच आहे.

पुढचा उतार सगळ्यांना माहीत आहे: १११ विमानांची मोठी खरेदी, २००७ चं इंडियन एअरलाइन्सशी विलीनीकरण, आणि शेवटी रोजचा सुमारे २० कोटींचा तोटा.

आता काकांचा प्रश्न. विक्रीच्या वेळी कर्ज होतं ६१,५६२ कोटी. टाटांची बोली १८,००० कोटींची, त्यातलं १५,३०० कोटींचं कर्ज त्यांनी घेतलं आणि २,७०० कोटी सरकारला रोख दिले. उरलेले ४६,२६२ कोटी सरकारच्या वेगळ्या कंपनीकडे गेले. तिला जमिनी आणि इमारतीही मिळाल्या, १४,७१८ कोटींच्या. सगळी वजाबाकी केली तर २८,८४४ कोटी उरतात. ते तुमच्या-माझ्याकडे आले. (त्या इमारतींपैकी नरिमन पॉइंटची पुढे १,६०१ कोटींना घेतली कुणी? महाराष्ट्र सरकारने. एका सार्वजनिक खिशातून दुसऱ्या सार्वजनिक खिशात.)

विकायला नको होती, असं मला म्हणायचं नाही. रोज २० कोटी घालवणं हा काही देशाभिमान नव्हे, आणि एवढं कर्ज डोक्यावर घेऊन ती कुणी विकतही घेतली नसती. मला खटकतं ते वेगळंच. आपल्याकडे नाव आणि ऋण ही जोडी होती. बापाचं नाव लावणाऱ्या मुलाने बापाचं कर्ज फेडायचं, हा धर्मशास्त्रातला नियम हिंदू कायद्यातही होता. २००५ च्या दुरुस्तीने तो गेला, आणि बरंच झालं. आजोबांच्या सावकारासाठी नातवाने का मरायचं? पण ती सुटका माणसासाठी होती. माणूस आपलं आडनाव निवडत नाही. कंपनी मात्र नाव मुद्दाम, किंमत मोजून घेते, कारण त्या नावात आपल्या आठवणी आहेत. म्हणजे आठवण सगळ्यांची, उरलेलं कर्ज सगळ्यांचं आणि नाव मात्र एकाचं. आणि त्या दिवशी टाळ्या वाजवताना मी स्वतःला त्या एकाच्या जागी समजत होतो!

नावाबरोबर येणारी सगळीच देणी मात्र अशी बाजूला काढता येत नाहीत. १२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं विमान कोसळलं. २६० माणसं गेली, त्यात १९ जमिनीवरची. टाटा समूहाने मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी एक कोटी जाहीर केले. हे देणं वेगळ्या कंपनीच्या वहीत टाकता येणारं नव्हतं. ते नावावरच आलं.

आणि आठवण तरी कुठे सगळ्यांवर सारखी मेहरबान असते? नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. माझ्या वयाच्या मित्रांना खरा जिव्हाळा तिचा होता, शेवटच्या फ्लाइटच्या रील्स पाहून काहींचे डोळे भरले. जुन्या नावासाठी नवं नाव गेलं, कारण नव्याकडे १९३२ नव्हतं.

पण नुसतं जुनं असून भागत नाही, हे मोहन्यात राहणाऱ्याला कळायला हवं. 'एअर इंडिया' हे नाव आलं त्याच वर्षी, १९४६ ला, नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन स्थापन झाली. आमची एनआरसी. २००९ ला ती बंद पडली. हजारो कामगार देण्यांसाठी वर्षानुवर्षं लढत राहिले, जमिनीला नवा मालक मिळाला. एनआरसीला कुणी 'वेलकम बॅक' म्हटलं नाही. तिच्याकडे महाराजा नव्हता, शिडीवरचा फोटो नव्हता. रेयॉनचा धागा होता आणि तीन पाळ्या होत्या. तिथे नाव घ्यायला कुणी आलं नाही, देणी तेवढी मागे राहिली. नाव फक्त रिक्षावाल्यांनी जपलंय. 'एनआरसी' म्हटलं की आजही ते बरोबर गेटपाशी सोडतात.

काका गेल्या वर्षी मुलीकडे जाताना पहिल्यांदा विमानात बसले. एअर इंडियाच. परत आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं?

"खिडकी मिळाली. खाडी दिसली वरून." मग जरा थांबून म्हणाले, "पण तो महाराजा कुठे दिसला नाही रे."