गोळी बदलण्याआधी

“ही गोळी आता लागू पडत नाही, दुसरी लिहून द्या” ही पार्किन्सनच्या रुग्णांच्या घरातून वारंवार येणारी मागणी ज्या समजुतीवर उभी आहे, ती तपासण्याजोगी आहे. मेंदूतील डोपामीन घटल्याने हालचाल मंदावते आणि लेव्होडोपा ती उणीव भरून काढते, हे आता सर्वश्रुत आहे; परंतु औषध निकामी होणे आणि त्याचा अंमल लवकर ओसरणे या दोन वेगळ्या गोष्टी असून, त्यांची गल्लत झाली की उपचार भरकटतात. आरंभी उरलेल्या पेशी डोपामीन साठवून पुरवून वापरतात. त्या घटल्या की रक्तात सुमारे दीड तासात निम्म्यावर येणाऱ्या लेव्होडोपाच्या चढउताराबरोबर रुग्णाची हालचालही चढू-उतरू लागते. सकाळी आठच्या गोळीवर सदऱ्याची बटणे लावणाऱ्या हाताला साडेअकराला घास उचलता येत नसेल, तर गोळी चुकीची नसते, ती पुरलेली नसते, आणि दोन डोसांमधले अंतर कमी करून किंवा गोळी जेवणाच्या बरीच आधी देऊन (प्रथिनांचे घटक तिच्या शोषणाच्या आड येतात) पुष्कळदा भागते.

लेव्होडोपा पुढच्या दिवसांसाठी राखून ठेवावी, असा आग्रह धरणारे हे लक्षात घेत नाहीत की अंमल तोकडा होतो तो मुख्यतः आजार वाढल्याने; नेदरलँड्समधील 2019 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर 40 आठवडे उशिरा सुरुवात केल्याने आजाराची गती बदलल्याचे दिसले नाही. त्या काळात सोसलेला ताठरपणा मात्र कोणी परत घेत नाही. कवचबीजाचे, म्हणजे खाजकुइलीच्या बियांचे, चूर्ण ‘वेगळे औषध’ म्हणून गोळीच्या जोडीला घेणाऱ्यांनीही जाणावे की त्या बियांत लेव्होडोपाच असते, आणि ही गोष्ट भारतीय संशोधकांनी 1937 मध्येच दाखवून दिली होती.

तरीही वेळापत्रक सुधारले की पुरे, हा निष्कर्ष शेवटपर्यंत टिकत नाही. डोपामीनची नक्कल करणाऱ्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या औषधांमुळे काहींना जुगाराची किंवा खरेदीची अनावर ओढ लागते, आणि तेथे बदल अटळ ठरतो. एका औषधाऐवजी दुसरे देताना डोस ठरवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तक्त्यानुसार 1 मिलिग्रॅम प्रामिपेक्सोलची बरोबरी 100 मिलिग्रॅम लेव्होडोपाशी होते. पण ही बरोबरी हालचालीपुरती आहे, मनाची नाही, आणि हे औषध कमी करताना काहींना तीव्र चिंता व नैराश्य ग्रासते. लेव्होडोपा एकाएकी थांबवल्यास तर तीव्र ताप व ताठरपणा येऊन जीवही धोक्यात येतो. जुगाराची वा खरेदीची ओढ रुग्ण बहुधा लपवतो. म्हणून घरच्यांनी ती डॉक्टरांच्या कानावर घालावी, मात्र कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये.