झोपेचे मागणे

वसईच्या आमच्या जुन्या घराला लांब ओटी होती. रात्री एक-दोनच्या सुमारास त्या ओटीवर पावले वाजत. ओटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग दोन पायऱ्या उतरून अंगणातल्या क्रूसापर्यंत, आणि पुन्हा मागे. पावले आईची असत आणि तिच्या हातात रोझरीची माळ असे. आम्ही भावंडे अर्धवट झोपेत तो आवाज ऐकत असू आणि कूस बदलून पुन्हा झोपी जात असू. 'रात्र रात्र जागून माळ जपणारी बाई' असा तिचा गावात लौकिक होता. १९८४ साली ती वारली तेव्हा दफनविधीच्या प्रवचनात धर्मगुरूंनीही या जागरणाचा आदराने उल्लेख केला. त्या वेळी आमची मान अभिमानाने ताठ झाली होती, हे कबूल केले पाहिजे.

एक आठवण मात्र आम्ही कोणाजवळ बोललो नाही. एकदा रात्री पाणी पिण्यास उठलो असता आई पायरीवर बसून आपल्या पोटऱ्यांवर मुठी आपटताना दिसली. "माझे पाय मला निजू देत नाहीत रे बाबा," ती म्हणाली. आम्ही तेव्हा वीस-एकवीस वर्षांचे, आध्यात्मिक पुस्तके वाचणारे आणि वाचलेले दुसऱ्यास सांगण्यास उत्सुक. आम्ही उत्तर दिले, "आई, देवाला अर्पण कर." ती काही बोलली नाही. उठली आणि चालू लागली.

प्रस्तुत लेख त्या उत्तराविषयी आहे.

वयाच्या बावन्नाव्या वर्षी आमच्याही पायांनी झोपेशी वैर धरले. हे दुखणे शब्दांत धरता येत नाही, हीच त्याची पहिली अडचण. वेदना म्हणावी तर वेदना नव्हे, मुंग्या म्हणाव्या तर मुंग्याही नव्हेत. पोटरीच्या आत, हाडाला लागून, काहीतरी वळवळते आहे, ओढते आहे, आणि पाय हलविल्यावाचून आता क्षणभरही राहवणार नाही अशी तळमळ. पाय हलविला की क्षणात सुटका, थांबविला की पुन्हा तेच. दिवसभर कामात असताना याची ओळखही पटू नये आणि दिवेलागणीनंतर, विशेषतः अंथरुणाला पाठ टेकताच, याने डोके वर काढावे. लांबच्या प्रवासात, नाटकात, प्रवचनात हाच प्रकार. आम्ही चर्चमध्ये शेवटच्या बाकाच्या कडेला बसू लागलो. लोकांना वाटले, याची भक्ती पातळ झाली.

घरगुती उपाय सर्व झाले. पोटऱ्या फडक्याने घट्ट आवळून बांधल्या, कोमट तेल चोळले, धाकट्या मुलाला पायांवर उभे करून पाय तुडवून घेतले. कोणी सांगितले म्हणून चादरीखाली साबणाची वडीही ठेवली. (तिचा उपयोग इतकाच झाला की चादरीला सुवास आला.) औषधाच्या दुकानातून झोपेची म्हणून एक गोळी आणली, ती सर्दी-खाजेवरील औषधांच्या जातीची होती. त्या रात्री डोळे मिटले, पण पाय अधिकच चेकाळले. पुढे एका जाणत्या डॉक्टरांकडून कळले की डायफेनहायड्रामिनसारखी ही औषधे या व्याधीत उलट आगीत तेल ओततात. उलटी थांबविणाऱ्या काही गोळ्या आणि मनाच्या उदासीनतेवर दिली जाणारी काही औषधेही तेच करतात. रात्रीची कॉफी आणि जेवणानंतर 'झोप यावी म्हणून' घेतलेला घोट, हेही शत्रूच. ज्याला झोप हवी आहे त्याने झोपेचे पहिले हाताला लागेल ते औषध घेऊ नये, हा धडा आम्ही असा शिकलो.

त्याच डॉक्टरांनी या त्रासाचे नाव सांगितले, 'रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम'. नाव ऐकून आम्हांला हसू आले आणि नंतर डोळ्यांत पाणी आले. इंग्लंडमधील वैद्य थॉमस विलिस याने १६७२ सालीच या अवस्थेचे वर्णन लिहून ठेवले होते. ज्या काळी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेकही व्हायचा होता, त्या काळी कोणी परका माणूस आमच्या आईच्या रात्री कागदावर उतरवीत होता! पण पुढे ही ओळख हरवली. १८६१ मध्ये जर्मनीतील विटमाक नावाच्या वैद्याने याला लॅटिन नाव दिले खरे, परंतु त्याची गणना उन्मादाच्या, म्हणजे मनाच्या खेळांत केली. कार्ल-आक्सेल एकबॉम या स्वीडिश वैद्याने १९४५ साली या विषयावर ग्रंथ लिहिला तेव्हा कोठे त्यास शरीराची व्याधी म्हणून मान मिळाला. या आजाराची कोणतीही खूण अंगावर दिसत नाही, क्ष-किरणांत उमटत नाही. रुग्ण सांगतो आणि ऐकणाऱ्याने विश्वास ठेवायचा, एवढाच त्याचा पुरावा. पाय हलवीत बसणाऱ्या पोराला 'अवलक्षण' म्हणून दटावणाऱ्या आपल्या समाजात तो विश्वास किती जणांना लाभत असेल?

मेंदूला लोह कमी पडणे आणि डोपामिन नावाच्या द्रव्याचा व्यवहार बिघडणे, असे याचे कारण आज सांगितले जाते. व्याधी पुष्कळदा घराण्यात उतरते. स्त्रियांत ती पुरुषांपेक्षा अधिक आढळते, गरोदरपणात बळावते. आईची सात बाळंतपणे झाली. तिच्या पापण्यांची आतली बाजू पांढुरकी असे, ती जेवणावर चहा घेई, आणि चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. तिच्या रक्ताची तपासणी कधी झाली नाही, म्हणून निदान करण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण आमचे पाय जेव्हा आम्हांला रात्री दोन वाजता त्याच ओटीवर घेऊन आले, तेव्हा आम्ही नेमके तिच्याच पावलांवर चालत आहोत हे पायांना कळले होते. ती माळ जपण्यासाठी जागत नव्हती. जागावे लागे म्हणून ती माळ जपत होती.

सुज्ञ वाचक विचारतील, यात बिघडले कुठे? दुःखाचे तिने प्रार्थनेत रूपांतर केले, हे थोर नव्हे काय? निःसंशय थोर आहे. पण ते थोरपण तिचे. आमचे काय? एखाद्याने आपले दुःख स्वेच्छेने देवाला वाहणे निराळे आणि दुसऱ्याने ते त्याच्या खांद्यावर ठेवून 'वाहा' म्हणणे निराळे. सिमोन किरेनेकराने क्रूस वाहण्यास हात लावला, क्रूस कसा वाहावा याचा उपदेश केला नाही. आम्ही मात्र आईच्या सहनशीलतेची स्तुती केली, आणि त्या स्तुतीने तिचे तोंड बंद झाले. जिला संत म्हणून ओळखतात तिने 'मला झोप हवी आहे' असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

ख्रिस्तसभेने असे कधी मागितलेले नाही. इटलीतील भूलतज्ज्ञांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना पोप पायस बारावे यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी स्पष्ट केले होते की वेदना शमविणे श्रद्धावंतास वर्ज्य नाही. कोणी प्रेमापोटी वेदना स्वीकारू शकतो, परंतु ते त्याच्यावर बंधन नव्हे, आणि वेदना आत्म्याचे बळ खचवूही शकते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ साली दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर प्रेषितीय पत्र लिहिले. त्यात दुःखाचे मोल सांगत असतानाच त्यांनी दयाळू शोमरोनीही आपल्यापुढे उभा केला, आणि तो तर जखमांवर तेल ओततो. बायबलातील एलिया आम्हांला याबाबत फार जवळचा वाटतो. थकून, मरण मागून तो झुडपाखाली आडवा झाला, तेव्हा देवदूताने त्याला आधी उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले. होरेब पर्वताची वाट त्यानंतरची. प्रभू येशूनेही गेथशेमाने बागेत प्याला टळावा असे आधी मागून पाहिले. मग आमच्या आईने एक रात्र मागितली तर त्यात श्रद्धेची उणीव ती कोणती?

आणि न झोपणारा माणूस एकटाच भोगत नाही. आमच्या चिडचिडीची झळ पत्नीने सोसली, पहाटे स्कूटरवर डुलकी लागून आम्ही एकदा एका सायकलस्वाराला पाडता पाडता राहिलो. म्हणून झोप शोधणे हे सुख नसून पुष्कळदा कर्तव्य ठरते, असे आमचे मत झाले आहे.

परंतु इथेच विषय संपत नाही. औषधाच्या बाजूनेही एक अंधारी गल्ली आहे आणि आम्ही तिच्यातून गेलो आहोत.

२०११ साली आम्हांला डोपामिनचे काम करणारी गोळी सुरू झाली. पहिल्याच रात्री पाय शांत झाले. आम्ही सात तास झोपलो आणि सकाळी पत्नीजवळ लहान मुलासारखे रडलो. दोन-तीन वर्षे सुखात गेली. मग पायांची तळमळ रात्रीऐवजी सायंकाळी, पुढे दुपारी चार वाजता सुरू होऊ लागली, हातांतही उतरली. मात्रा वाढविली की काही दिवस बरे, पुन्हा वाढवावी लागे. याच सुमारास आम्ही लॉटरीची तिकिटे घेऊ लागलो. आयुष्यात पत्त्यांना पैसा न लावलेले आम्ही, स्टेशनाबाहेरच्या टपरीवर रोज थांबू लागलो. आधी एक तिकीट, मग दहा, मग गड्डीच्या गड्डी. निवृत्तीच्या पैशातून किती रक्कम गेली ती इथे लिहिण्याचे धैर्य नाही. एके दिवशी कपाटातल्या जुन्या प्रार्थनापुस्तकांच्या मागे पत्नीला तो गठ्ठा सापडला. "अहो, हे तुम्ही?" एवढेच ती म्हणाली. आमच्याजवळ उत्तर नव्हते, कारण आम्हांलाही तोच प्रश्न पडला होता.

तिनेच आग्रह धरून आम्हांला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले आणि गठ्ठ्याची गोष्ट त्यांना सांगितली. त्यांना आश्चर्य वाटले नाही. कंपवाताच्या रुग्णांत याच जातीच्या औषधांनी जुगाराची अनावर ओढ लागते, याची नोंद २००५ पासून वैद्यकीय नियतकालिकांत ठळकपणे होत आली आहे, आणि पायांच्या या व्याधीत मात्रा लहान असली तरी तो धोका राहतोच. व्याधी लवकर आणि अधिक उसळणे हाही त्याच गोळीचा उशिराचा परिणाम. अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०२५ च्या मार्गदर्शनात ही औषधे सरसकट वापरू नयेत असे सुचविले आहे. लोहाची तपासणी आधी करावी आणि गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन या जातीच्या औषधांचा विचार आधी व्हावा, असा आता कल आहे. त्यांनीही काहींना घेरी येते, म्हणून वृद्धांनी जपावे लागते. आमची जुनी गोळी एकाएकी न तोडता हळूहळू उतरविली. ते आठवडे म्हणजे साक्षात शुद्धिस्थानच होते. पण टपरीची ओढ गेली, जशी आली तशीच न सांगता गेली.

आता प्रश्न असा की पाप कोणाचे? पूर्ण जाण आणि मनाची मोकळी संमती असल्यावाचून गंभीर पाप घडत नाही, ही आपली शिकवण लहानपणापासून पाठ आहे. आमची संमती मोकळी होती काय? प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी आम्ही सर्व सांगितले, तेव्हा फादरांनी शांतपणे ऐकून गोळीविषयीच अधिक विचारले. आम्ही स्वतःला सहजी सोडू इच्छित नाही. तिकिटे घेणारा हात कदाचित आमचा पूर्णपणे नव्हता, पण ती प्रार्थनापुस्तकांमागे दडविणारा? तो कोणत्या औषधाचा होता? यावर आम्ही अनेक रात्री विचार केला आहे आणि निर्णय अद्याप लागलेला नाही. एवढे मात्र उमगले की इच्छाशक्तीला आपण जितकी आपली समजतो तितकी ती आपली नसते, आणि म्हणून दारूत किंवा जुगारात बुडालेल्या शेजाऱ्याविषयी बोलताना आता आमची जीभ पूर्वीसारखी चालत नाही. अशा गोळीवर असलेल्या माणसाच्या घरी कोणीतरी त्याच्या पैशांवर आणि वागण्यावर डोळा ठेवावा, आणि त्यात रुग्णाने अपमान मानू नये. हेही आम्ही उशिराच शिकलो.

शेवटी आमच्या रक्तातील फेरिटिन तपासले, म्हणजे लोहाचा साठा. तो अगदीच उणा निघाला. साध्या तपासणीत हिमोग्लोबिन ठीक असल्याने इतकी वर्षे कोणी तो पाहिलाच नव्हता. शिरेवाटे लोह दिले. काही आठवड्यांनी रात्री थोड्या लांबल्या. व्याधी गेलेली नाही, आठवड्यातून एखादी रात्र ती आपला वाटा घेतेच. अशा वेळी आम्ही ओटीवर चालतो. माळही हातात असते, ती नाकारण्याचे कारण नाही.

गेल्या पंधरवड्यात अशाच एका रात्री मागून लहान पावले वाजली. नऊ वर्षांची नात डोळे चोळीत उभी होती. "आजोबा, माझे पाय पण असेच करतात," ती म्हणाली. "मम्मी म्हणते, वाढत्या वयाचं आहे, गप्प झोप." आम्ही तिला पायरीवर बसविले, तिच्या पोटऱ्या हातांत घेऊन चेपल्या आणि केव्हापासून, कोणत्या वेळी, चालल्यावर बरे वाटते का, असे सर्व विचारले. ती बोलत राहिली आणि आम्ही ऐकत राहिलो. सकाळी सुनेशी बोललो. येत्या बुधवारी शाळा सुटल्यावर तिला डॉक्टरांकडे न्यायचे आहे.