जिंकलेल्यानं पट मांडायचा

काल सकाळी डोंबिवलीहून वाशीला निघालेली आमची बस काटई नाक्यापर्यंत बरी आली. खिडकाळीचं देऊळ मागे पडलं आणि ती जी थबकली, ती पुढे शीळफाट्यापर्यंत मुंगीच्या पावलानं सरकत राहिली. कल्याणकडून येणारी, मुंब्र्याकडून येणारी, पनवेलकडे निघालेली आणि महापेकडे वळणारी, सगळी वाहनं इथे एकमेकांच्या अंगावर येतात. बंदराकडे चाललेले कंटेनर, भिवंडीच्या गोदामांतले ट्रक, शाळेच्या गाड्या आणि त्यांच्या फटींतून वाट काढणारे दुचाकीवाले. रोज जाणाऱ्याला यात नवं काही नाही. कुणी डोळे मिटतं, कुणी मोबाइल उघडतं.

माझ्या शेजारचा मुलगा मोबाइलवर बुद्धिबळ खेळत होता. अकरावीतला असावा. महिन्याभरापूर्वी मित्राकडून खेळ शिकला होता आणि आठवड्यापूर्वी त्यानं लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर खातं उघडलं होतं. तिथे प्रत्येक नव्या खेळाडूची सुरुवात १५०० गुणांपासून होते आणि पुरेसे डाव होईपर्यंत त्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह राहतं. याची खरी ताकद अजून कळलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. मुलाचा आकडा हरत हरत अकराशेवर आला होता, प्रश्नचिन्हासकट. काल तो एका खुल्या ऑनलाइन स्पर्धेत शिरला होता, त्यामुळे जोडी कुणाशीही लागत होती. समोरचा पंधराशेच्या वरचा निघाला.

डाव हरल्यातच जमा होता. मुलाचा वजीर गेलेला, एक घोडा गेलेला. काळ्याचा राजा कोपऱ्यात निवांत बसलेला, शेजारच्या घरात त्याचाच घोडा, पुढ्यात त्याचंच प्यादं. मुलानं आपलं एक प्यादं पुढे ढकललं. ते थेट काळ्याच्या प्याद्याच्या तोंडी गेलं होतं. समोरच्यानं ते मारलं असतं तर खेळ तिथेच आटोपला असता. पण त्याचा वजीर पटाच्या दुसऱ्या टोकाचा उंट मारायला गेला. जिंकत आलेल्या माणसाला घाई होते, तशी त्याला झाली. मुलानं तेच प्यादं आणखी एक घर पुढे नेलं. शह. राजाला ते मारता येईना, कारण मागून मुलाच्या हत्तीचा जोर होता. सरकायला घर नव्हतं, सगळी घरं स्वतःच्याच मोहऱ्यांनी अडवलेली.

"जिंकलो, काकू!" तो एकदम माझ्याकडे वळून म्हणाला. आमची ओळखदेख नव्हती, पण अशा क्षणी माणसाला कुणीतरी लागतंच.

"प्यादेमात केलीस," मी म्हटलं.

त्याला तो शब्द माहीत नव्हता. मी सांगितलं, की आमच्या अप्पांच्या पिढीत वजिरानं मात करण्यापेक्षा प्याद्यानं मात करणं जास्त मानाचं समजत. तो हरखला आणि त्याचा अंगठा पुढच्या डावाच्या बटणाकडे गेला.

"थांब जरा. आधी मागे जाऊन बघ, कसा जिंकलास ते."

"जिंकलोय ना काकू, मग काय बघायचं?"

त्याचं विचारणं साधं होतं, पण दिवसभर ते माझ्या मनातून गेलं नाही. कारण आपण सगळेच तसं वागतो. मुलाला गणितात कमी गुण मिळाले की उत्तरपत्रिका उलटसुलट तपासतो; चांगले मिळाले की पेढे वाटतो आणि उत्तरपत्रिका रद्दीत जाते. भाजी बिघडली की काय चुकलं ते शोधतो. फक्कड जमली की ताट धुवायला टाकतो. अपयशाची चौकशी होते, यशाची होत नाही. म्हणून पुढच्या वेळी तेच यश हवं असतं, तेव्हा ते कुठून आलं होतं हे आपल्याला सांगता येत नाही.

अप्पांनी मला बुद्धिबळ शिकवलं तेव्हा घरात एक नियम होता. डाव संपला की पट पुन्हा मांडायचा, आणि तो हरलेल्यानं नव्हे, जिंकलेल्यानं मांडायचा. मांडून दाखवायचं, की आपण कुठे हरू शकलो असतो. लहानपणी मला हे फार जाचक वाटे. जिंकल्याचा आनंदही धड घेऊ देत नाहीत, असं वाटे. आता कळतं, की तो आनंद टिकावा म्हणूनच ते हे करायला लावत.

नवख्याचा विजय हा निव्वळ चमत्कार नसतो, हे बुद्धिबळाच्या गणितातही मांडलेलं आहे. खेळाडूंना गुणांकन देण्याची जी पद्धत आज जगभर चालते, ती अमेरिकेतले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आर्पाद एलो यांनी बसवली आणि जागतिक बुद्धिबळ महासंघानं १९७० साली स्वीकारली. त्या हिशेबात दोघांच्या गुणांकनात ४००चं अंतर असेल, तर दुबळ्या खेळाडूनं शंभर डावांत साधारण नऊ विजयांइतके गुण मिळवणं अपेक्षित असतं. नऊ, शून्य नव्हे. आकडा कितीही मोठा असला, तरी पटावरचं एकही मोहरं तो स्वतः हलवत नाही. प्रत्येक खेळी माणसालाच करावी लागते, आणि माणूस घाईत येतो, थकतो, समोरच्याला कमी लेखतो.

आकडा सगळं ठरवत नाही, यावरून मला नागपूरची बुद्धिबळपटू दिव्या देशमुख आठवली. २०२० साली टाळेबंदीत बुद्धिबळाचं ऑलिंपियाड पहिल्यांदाच ऑनलाइन झालं. भारताच्या संघाचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी होता आणि त्याच संघात चौदा वर्षांची दिव्या होती. ३० ऑगस्टला रशियाशी अंतिम लढत चालू असताना इंटरनेट गेलं आणि दिव्या व तिचा संघसहकारी निहाल सरीन दोघांचेही डाव वेळ संपल्यामुळे हातचे गेले. भारतानं दाद मागितली आणि शेवटी सुवर्णपदक दोन्ही देशांना मिळून देण्यात आलं. पटावर काहीही चुकलेलं नसताना डाव जाऊ शकतो, हे तिला त्या वयातच अनुभवावं लागलं.

त्याच संघात कोनेरू हंपीही होती. हंपी २००२ साली ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बाटुमी इथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत याच दोघी समोरासमोर बसल्या. दिव्याला स्पर्धेत पंधरावं मानांकन होतं. ग्रँडमास्टर होण्यासाठी स्पर्धांतल्या कामगिरीचे जे 'नॉर्म' लागतात, त्यांपैकी एकही तोवर तिच्या नावावर नव्हता. दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले, २८ जुलैला जलद डावांचा टायब्रेक झाला, आणि दुसऱ्या जलद डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळत दिव्या जिंकली. विश्वचषक मिळाला आणि त्यासोबत थेट ग्रँडमास्टर किताबही. एकोणीस वर्षांची ही मुलगी भारताची ८८वी ग्रँडमास्टर ठरली.

पटावरून उठताना तिला आईच्या मिठीत रडू आवरेना, ते साऱ्यांनी पाहिलं. माझ्या मनात मात्र त्यानंतरची गोष्ट राहिली. विश्वचषक हातात आल्यावर ती म्हणाली, की आपण डावाच्या अखेरीत कुठेतरी गडबड केली, तो सोपा विजय व्हायला हवा होता, आणि डावाची अखेर खेळायला आपल्याला शिकायलाच हवं. जग तिचं कौतुक करत होतं आणि ती जिंकलेला पट पुन्हा मांडत होती. असं किताब मिळणं हे नशिबाचं देणं आहे, असंही ती मोकळेपणानं म्हणाली. नशिबाचं नशिबाला आणि चुकीचं आपल्याकडे. आपल्या विजयाचा असा चोख हिशेब ज्याला करता येतो, त्याचा पुढचा विजय नशिबावर थोडा कमी अवलंबून राहतो.

यात स्वतःला कमी लेखणं नाही. उलट, पट मांडला की आपला खरा वाटाही दिसतो. "मी नुसताच नशिबानं जिंकलो," असं म्हणणारा आणि "मी जबरदस्तच खेळलो," असं म्हणणारा, दोघांनीही डाव पाहिलेला नसतो. नवख्याला या दोहोंचाही मोह पडतो. पहिल्यानं हात आखडतो, दुसऱ्यानं डोळे मिटतात.

बस हलायची चिन्हं नव्हती, म्हणून माझं ऐकून मुलानं डाव मागे नेला. एकेक खेळी उलटी सरकत गेली. समोरच्याचा वजीर उंट मारायला गेला, त्या खेळीपुढे संगणकानं दोन प्रश्नचिन्हं मांडली होती. घोडचूक. मुलाचा चेहरा जरा उतरला. "म्हणजे त्यानंच दिला होय मला डाव," तो म्हणाला. आणखी मागे गेल्यावर त्यानं प्यादं ढकललं ती खेळी आली, आणि त्याच्याही पुढ्यात प्रश्नचिन्ह होतं. तो ओशाळला. मी म्हटलं, "अजून मागे जा." आठ खेळ्या आधी त्यानं हत्ती त्या प्याद्याच्या मागे आणून ठेवला होता. "हा का ठेवलास?" तो आठवू लागला. मग म्हणाला, "राजा कोपऱ्यात होता ना, म्हणून वाटलं की कधीतरी लागेल." ती खेळी त्याची होती, विचार करून केलेली. बाकी सगळं समोरच्याच्या घाईनं दिलं. पण तो हत्ती जागेवर नसता, तर ती घाईही वाया गेली असती.

आज दिवसभरात एखादी गोष्ट मनासारखी झाली, तर रात्री पाच मिनिटं तिच्याकडे मागे वळून बघू या. त्यात दुसऱ्याची चूक किती होती, कुणाची मदत किती होती, योग किती होता. आणि आपण आधीच जागेवर आणून ठेवलेला हत्ती कोणता होता.

महापेला उतरताना तो मुलगा दारातून वळून म्हणाला, "काकू, पुढच्या डावात हत्ती आधी आणतो. प्यादं मग."