दाता निघून गेल्यावर

लोकहिताचें कार्य आरंभिणें सोपें, चालविणें कठीण, असें आपण सर्वच म्हणतों. तें कठीण कां, हें विचारिलें म्हणजे उत्तरहि ठरलेलें असतें: पैसा संपला. आम्हांस हें उत्तर अपुरें वाटतें. पैसा सरला असतां कांहीं कामें त्याच्याबरोबर जातात, कांहीं मागें राहतात. तेव्हां या भेदाचें कारण पैशावांचून दुसरें कांहीं तरी असलें पाहिजे. जालना जिल्ह्यांतील दोन उदाहरणें घेऊन तें शोधण्याचा आमचा विचार आहे.

पहिलें उदाहरण जुनें आहे. जालन्याचा कारभार पाहणाऱ्या जमशेदखानानें मोती तलाव बांधविला आणि जमिनीखालून नळ घालून त्याचें पाणी शहरांतील हौदांत आणिलें. तलाव आजहि आहे. नळांची ती व्यवस्था मात्र कालांतरानें नादुरुस्त होऊन लयास गेली. पाणी कोणाच्या कृपेनें आलें हें लोकांस माहीत असेल. परंतु नळ फुटल्यास तो कोणीं जोडावा, हा प्रश्न कृपेनें सुटत नाहीं. जेथें एक देणारा आणि बाकीचे सारे घेणारे, तेथें देणारा गेला कीं दुरुस्ती कोणाचेंच काम उरत नाहीं.

दुसरें उदाहरण आपल्या काळांतील आहे. जालना तालुक्यांतील कडवंची या गांवीं १९९६ सालीं भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचें काम सुरू झालें. पैसा जर्मनीचा, तो नाबार्डच्या द्वारें आला. काम चालविलें तें विजयअण्णा बोराडे यांच्या नेतृत्वाखालील मराठवाडा शेती सहाय्य मंडळानें व त्याच्या खरपुडी येथील कृषि विज्ञान केंद्रानें. माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, बांधबंदिस्ती आणि नाल्यांवर बंधारे झाले. या कार्यक्रमाची एक अट ध्यानांत घेण्यासारखी आहे. गांवानें श्रमदान केलें पाहिजे आणि मोकाट चराई व वृक्षतोड बंद केली पाहिजे, अशी ती अट होती. म्हणजे दात्यानें देण्यापूर्वीं कांहीं मागितलें. आपल्याकडे दान देतांना मागणें हें हलकेपणाचें मानितात. परंतु ज्याच्याकडून आपण कांहीं मागतों त्यालाच आपण समर्थ मानितों, हें आम्हांस यांतील मर्म वाटतें.

पुढें या शतकाच्या आरंभीं परकी पैशाचा ओघ थांबला. गांव थांबलें नाहीं. शेतकऱ्यांनीं द्राक्षबागा लाविल्या, ठिबक सिंचन आणिलें, शेंकडों शेततळीं खोदलीं. २०१२-१३ च्या दुष्काळांत जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, तेव्हां कडवंचीच्या द्राक्षबागा तग धरून राहिल्या. खरपुडीचें केंद्रहि निधीबरोबर निघून गेलें नव्हतें. सल्ला विचारण्यास जवळच कोणी होतें.

येथेंच लेखणी ठेविली असती तर वाचकांचें समाधान झालें असतें. परंतु तें खरें झालें नसतें. शेततळें म्हणजे पावसाचें वाहतें पाणी धरण्याची जागा. महाराष्ट्रांत मात्र अनेक ठिकाणीं त्यास प्लॅस्टिकचें अस्तर घालून तें विहिरींच्या व विंधनविहिरींच्या पाण्यानें भरितात. जमिनीच्या पोटांतील पाणी सर्वांचें असतें. अस्तरावर आलें कीं तें एकाचें होतें, आणि त्यांतील कांहीं भाग उन्हानें उडून जातो. एका गांवास आम्ही दोष देत नाहीं. हा मोह सर्वत्र आहे. सर्वांनीं मिळून जिरविलेलें पाणी एकेकट्यानें उपसावें, यास कार्य टिकलें म्हणावें काय?

कोणी म्हणेल, स्वार्थ हाच उत्तम राखणदार आहे; ज्याची बाग त्यानें ती राखिली, यांत वावगें काय? वावगें कांहींच नाहीं. परंतु स्वार्थ आपल्या बांधापर्यंत राखण करितो. माथ्यावरील चर गाळानें भरला तर त्याचें नुकसान पायथ्याच्या विहिरीला. आणि माथ्यावरच्या जमीनवाल्यास तो उपसण्यांत लाभ थोडा. हें अंतर स्वार्थानें ओलांडवत नाहीं. त्यास रिवाजच लागतो. धुळें-नाशिकाकडील फड-पद्धति पिढ्यान्‌पिढ्या चालली ती याच बळावर. पाण्याची पाळी ठरलेली, पाटकरी नेमलेला, आणि पाटाची डागडुजी शेतकऱ्यांनींच करावी हा दंडक. तेथें दाता निघून जाण्याचा प्रश्नच नव्हता, कारण प्रत्येक घेणारा देणाराहि होता.

म्हणून कार्य आरंभणाऱ्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, पुढचा निधि कोठून येईल या चिंतेआधीं पुढची दुरुस्ती कोण करील हें ठरवावें, आणि हातांत पैसा आहे तोंवर तो रिवाज गांवाच्या अंगवळणीं पाडावा. ज्यांचें भलें झालें त्यांसहि एक गोष्ट सांगावयाची आहे. दुष्काळांत एकमेकांस धरून राहणें त्या मानानें सोपें. खरी कसोटी सुबत्तेंत लागते. पायथ्याचा बागाईतदार दर वैशाखांत फावडें घेऊन माथ्यावरचा चर उपसावयास जात असेल, तर कार्य टिकलें असें आम्ही खुशाल म्हणूं. तो जात नसेल, तर बाग कितीहि हिरवी असली तरी मोती तलावाच्या नळांची गोष्ट त्यानें एकवार आठवावी.