नदीचा हरीम



ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी ईदुल अजहा १२ ऑगस्टला आली, तेव्हा पूर पुरता ओसरलेला नव्हता आणि हजारो कुटुंबे घराबाहेर होती. त्याच्या तीनच वर्षे आधी, एप्रिल २०१६ मध्ये, याच कृष्णेचे पाणी मिरजेहून रेल्वेने तहानलेल्या लातूरला गेले होते. पुढे २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगाव, ढोकावळे येथे दरडींखाली माणसे गाडली गेली.

अशा वेळी आपल्या घरांतून दोन उद्गार ऐकू येतात. एक, ‘हा अल्लाहचा कोप आहे.’ दुसरा, ‘तकदीरमध्ये होते, ते झाले.’ दोन्ही उद्गार श्रद्धेच्या भाषेत आहेत, म्हणून ते श्रद्धेच्याच कसोटीवर तपासले पाहिजेत.

पहिल्याविषयी एवढेच लक्षात घ्यावे की, पाण्यात बुडून मरण पावणाऱ्या श्रद्धावंताची गणना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शहीदांमध्ये केली आहे. मग पुरात गेलेल्याच्या पापांचा हिशेब मांडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? हिशेब मांडायचाच तर तो स्वतःचा मांडावा. माणसांच्या हातच्या कमाईमुळे जमिनीवर व समुद्रात बिघाड माजतो, असे पवित्र कुरआनच्या सूरह रूममध्ये सांगितले आहे. आज हवा तापते आहे. तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे महिनाभराचा पाऊस चार दिवसांत कोसळतो आणि माण, खटाव, जत, आटपाडीची जमीन मात्र वाट पाहत राहते. हा बिघाड आपल्या कमाईतला आहे.

दुसऱ्या उद्गाराचे उत्तर हजरत उमर (रजि.) यांनी दिलेले आहे. शाममध्ये प्लेगची साथ असल्याचे कळताच ते वाटेतूनच परत फिरले. ‘अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय?’ असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, तेव्हा आपण एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. हजरत यूसुफ (अ.) यांनी दुष्काळाआधी सात वर्षे धान्य साठविले आणि हजरत नूह (अ.) यांनी पूर येण्यापूर्वी नौका बांधली. तवक्कुल म्हणजे हात बांधून बसणे नव्हे, हे प्रेषितांच्या जीवनांवरून स्पष्ट होते.

मग पुराआधी आपले कर्तव्य कोणते? येथे इस्लामी कायद्यातील एका जुन्या संज्ञेची आठवण करून द्यावीशी वाटते. ती संज्ञा म्हणजे ‘हरीम’. विहीर, झरा, कालवा, नदी यांच्या भोवतालची ठरावीक जागा फकीहांनी राखीव मानली. तेथे कोणी घर बांधू नये, ती कोणाच्या मालकीची होऊ नये, कारण ती पाण्याची आणि पाण्यावर जगणाऱ्या सर्वांची आहे. हा शब्द ‘हराम’ या शब्दाच्याच धातूपासून आला आहे, हे विशेष. आज शासनाने नदीकाठी आखलेल्या पूररेषांमागचा हेतू याच्या अगदी जवळचा आहे. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आतली जागा नदीची आहे. ती अडविणारा केवळ सरकारचा नियम मोडत नाही, तर दुसऱ्याचा हक्क घेतो. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनेही पूरक्षेत्रातील अतिक्रमणांकडे लक्ष वेधले होते.

दुसऱ्याचा हक्क कसा, हे प्रेषितांनी (स.) नौकेच्या दृष्टांतातून समजाविले आहे. नौकेत काही जण वरच्या मजल्यावर व काही खालच्या मजल्यावर बसले. पाण्यासाठी सारखे वर जाऊन इतरांना त्रास देण्यापेक्षा आपल्याच जागेत एक भोक पाडावे, असे खालच्यांनी ठरविले. त्यांना अडविले तर सारे तरतील, सोडून दिले तर सारे बुडतील. ध्यानात घ्या, भोक पाडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. आपल्या प्लॉटवर मुरूम टाकून तो चार फूट उंच करणाऱ्याचा हेतूही वाईट नसतो. पण त्याने हटविलेले पाणी शेजाऱ्याच्या उंबऱ्यात शिरते. महाबळेश्वर व कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर एक होतो, पुढे हरिपूरला वारणा त्याला मिळते. सातारा आणि सांगली हे एकाच नौकेचे दोन मजले आहेत.

आता खरा अवघड प्रश्न. पूरक्षेत्रात राहतो कोण? बहुधा तोच, ज्याला दुसरीकडे जागा परवडली नाही. त्याला दोष देणे हा अन्याय होईल. जाब विचारायचा असेल तर जागा विकणाऱ्याला विचारावा. प्रेषितांनी (स.) एकदा बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. ‘पावसाने भिजले,’ असे विक्रेता म्हणाला. मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसविणारा आमच्यापैकी नाही, असे बजावले. वाचकहो, जागा विकताना किंवा खोली भाड्याने देताना येथे २०१९ ला पाणी किती चढले होते हे आपण सांगतो का? भिंतीवरची पाण्याची खूण रंगवून झाकली, तर ते ओले धान्य राशीत दडविणेच झाले.

पूर आल्यावर आपले तरुण नावांवर चढतात, मशिदी व मदरसे सर्वांसाठी उघडतात, भोजनाची पाकिटे जातात. ही नेकी मोठी आहे. परंतु तिला टाळ्या मिळतात. पुराआधीच्या नेकीला साक्षीदार नसतो. ती फक्त अल्लाह पाहतो. प्रत्येक मोहल्ल्याच्या जमातीने मे महिन्यातच वृद्ध, आजारी व गरोदर स्त्रिया यांची यादी करावी, शेजारी कोणत्याही धर्माचा असो, त्याचे नाव त्यात असावे. कोणाला कोण उचलून नेणार हे ठरवावे. पाण्याची पातळी मशिदीच्या ध्वनिक्षेपकावरून कळवावी. कुरबानीचे अवशेष आणि प्लास्टिक नाल्यात जाऊ देऊ नये, वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानचीच शाखा आहे. अंगणात फरशी घालताना थोडी माती उघडी ठेवावी. पूरग्रस्त कर्जात बुडाला असेल, तर कर्जदार हा जकातीचा हक्कदार आहे, याचे स्मरण ठेवावे. आणि नदीच्या हरीममधला प्लॉट कितीही स्वस्त मिळत असला, तरी त्याला हात लावू नये.

यातले शेवटचे सर्वांत कठीण आहे, कारण तेथे नफा सोडावा लागतो. कयामतच्या दिवशी शेजाऱ्याविषयी विचारणा होईल, तेव्हा ‘पूर आला होता’ एवढे उत्तर पुरेल का, याचा विचार पुढचा पावसाळा येण्याआधी प्रत्येकाने आपल्याशी करावा.

अल्लाह आपल्याला नदीचा व शेजाऱ्याचा हक्क ओळखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.