मुबलक असतानाची मोजणी

येडशीजवळच्या रामलिंगाला जटायूची समाधी दाखवतात. सीतेसाठी तो रावणाशी लढला तो इथेच, अशी धाराशिवकडची श्रद्धा. मेलेले जनावर गावाबाहेर टाकले की जटायूच्या कुळातल्या गिधाडांची झुंबड उडे, त्या काळी ती मोजावीत असे कुणाला सुचले नाही. पुढे जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने घात केला; ते दिलेले जनावर मेल्यावर खाल्ले की गिधाडे मरत. 1992 ते 2007 या 15 वर्षांत देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक उरली. हा आकडा सांगता येतो तो एकाच कारणाने: 1991 ते 1993 मध्ये, गिधाडे भरपूर होती तेव्हाच, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी रस्तोरस्ती फिरून ती मोजून ठेवली होती.

म्हणून फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’मध्ये मला दुर्मीळ पक्ष्यापेक्षा साळुंकीची नोंद मोलाची वाटते. भारतात ही गणना 2013 पासून होते. किमान 15 मिनिटे पाहायचे आणि ओळखता आलेला प्रत्येक पक्षी ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर लिहायचा. नवखा माणूस मोर लिहितो, भोवत्या लिहितो. होला, बुलबुल, कावळा सोडून देतो. तिथेच यादी निकामी होते. शंभर याद्यांपैकी ऐंशींत साळुंकी होती आणि काही वर्षांनी पन्नासांतच उरली, तर ती घटली असे म्हणता येते. पण उरलेल्या याद्यांत ती दिसली नाही म्हणून नाही, की कंटाळा केला म्हणून नाही, हे कळायला हवे. तासभर फिरणाऱ्याला जास्त पक्षी दिसणारच, म्हणून वेळ आणि अंतरही लिहायचे.

अशा तीन कोटी नोंदींवर 2023 चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवाल उभा आहे. तारेवर हमखास दिसणारा नीलपंख कमी होतो आहे, हे त्यातूनच कळले. माळरानांवरच्या पक्ष्यांची घट त्यात ठळक आहे, आणि धाराशिव जिल्ह्यातल्या भूम-परंड्याकडे माळच माळ. इथल्या याद्या इथल्याच माणसांनी भरायला हव्यात.

ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे उतरतात, राखणदार गोफण फिरवतो आणि सगळा थवा एकदम उठतो. तो एकेक करून मोजता येत नाही. त्यातल्या दहा भोरड्या नजरेत धराव्यात, तेवढ्यांचे किती घोळके होतील ते पाहावे आणि तो अंदाज लिहावा. संख्येचा अंदाज चालतो, ओळखीचा नाही.